मुठीतलं अक्षर

खरं सांगते, इथले अनुभव मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आले. कुणाला चकवा लागला, कुणाला पिंपळाखाली बाई दिसली... मी मनात म्हणायचे, यांना पहिलीचा वर्ग द्या, भुतं आपोआप पळतील. आता स्वतःच लिहायला बसलेय. हसायचं तर हसा.

कडेगावजवळच्या एका वाडीत मी शिक्षिका आहे. दोनशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे, मिळून चौदा मुलं. वर्गाला एकच दार, समोर मैदान, मग फाटक. फाटकाला लागून पाण्याची टाकी, आणि मोबाईलला रेंज फक्त त्या टाकीपाशी.

माझी आई सांगलीत बालवाडी चालवायची. तिची अक्षर शिकवायची एक रीत होती. मुलाच्या तळहातावर बोटानं अक्षर काढायचं, त्याचा आवाज म्हणायचा, मग मूठ मिटवून कानाशी न्यायला लावायची. "ऐकू येतंय?" मूल हो म्हणायचंच. शाळा सुटताना शेवटचं अक्षर मुठीत देऊन सांगायची, "वाटेत उघडू नको. घरी जाऊन आईच्या हातात सोड." मीही तशीच शिकले. पण माझ्या वर्गात ते कधी केलं नाही. तक्ते, अक्षरकार्डं, प्रशिक्षणातले व्हिडिओ असताना मुठीत अक्षर वगैरे मला पोरकट वाटायचं.

यंदा पहिलीत मायाक्का आली. आईवडील मेंढरं घेऊन साताऱ्याकडे गेलेले, पोर चुलतीजवळ ठेवलेली. जूनपासून तिला एकही अक्षर येईना. कार्ड दाखवलं की ती कार्डाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघायची. वर्गात तोंडातून शब्दही काढायची नाही. आईला हे फोनवर सांगितलं, तेव्हापासून ती रोज विचारायची, "तिला आलं का गं?"

गणपतीत आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी दर रविवारी सांगलीला जायचे. मी दिसले की ती डावा तळहात माझ्यापुढे उघडायची. म्हणजे, आलं का? शेवटच्या रविवारी मी वैतागून म्हणाले, "नाही आलं. आणि तुझ्या मुठीनं येणारही नाही." तिनं हात मिटला आणि पांघरुणात घेतला. हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा गुरुवार. मुख्याध्यापक मीटिंगला गेलेले, त्यांच्या तिसरी-चौथीला सुट्टी. साडेअकराच्या सुमारास खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारात आल्या. "बाई, तुमच्या भावाचा फोन आल्ता आमच्या मालकास्नी. लगोलग फोन करा म्हणत्यात." मी टाकीपाशी गेले. मावशीही सोबत आल्या.

"ताई, आई गेली," भाऊ म्हणाला. "आत्ताच, दहा मिनिटं झाली."

"बरं. येते," मी म्हणाले.

रडू आलं नाही. काहीच आलं नाही. टाकीचा नळ ठिबकत होता, तो मी घट्ट बंद केला आणि उभी राहिले. पंधरा मिनिटं तरी झाली असतील. मग मावशीच म्हणाल्या, "पोरांचा आवाज कसा न्हाई वो?"

पहिली-दुसरी एकटी सोडली की पाच मिनिटांत महाभारत होतं. मी आत गेले... चौदाही मुलं गोल करून बसलेली, आणि प्रत्येकाची मूठ कानाशी.

"काय चाललंय हे?"

"आज्जी आल्ती," एक पोरगी म्हणाली. "तिनं हातावर अक्षर काडून दिलं."

"कुठली आज्जी?"

"म्हायती न्हाई. बोलतच न्हवती. डाव्या हातानं काडत हुती."

"मग अक्षराचा आवाज कुणी सांगितला?"

"मुठीतनं येतोय की, बाई."

मायाक्का उठली. फळ्यापाशी गेली, खडू घेतला आणि 'ग' काढला. स्वच्छ. मग मोठ्यानं म्हणाली, "ग." इतक्या महिन्यांत तिच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला आवाज.

मावशींना मुलांपाशी बसवून मी पर्स उचलली, तशी ती माझ्यापुढे मूठ धरून उभी राहिली. "ह्ये घरी आयच्या हातात सोडायचं हाय. पर माजी आय लांब हाय. तुमी न्या तुमच्या आयकडं." तिला काय ठाऊक होतं, मी विचारलं नाही. तिनं माझ्या उजव्या तळहातात मूठ उघडली, आणि मी हात मिटला.

सांगलीपर्यंत तो उघडला नाही. तिकिटाचे पैसे डाव्या हातानं दिले. घरी बायका रडत होत्या. वहिनी म्हणाली, "शेवटी डावं बोट सारखं चादरीवर फिरवत होत्या, काय हवं होतं कुणास ठाऊक." मी आईचा डावा हात घेतला, त्यात माझी मूठ सोडली आणि कानाशी वाकून म्हणाले, "आलं गं तिला." तिला विचारायचं होतं त्याचं उत्तर एवढंच होतं, आणि ते मी उशिरा दिलं.

नंतर मी बराच विचार केला. मावशी अजूनही शपथेवर सांगतात की फाटकातून कुणी आत गेलं नाही, आम्ही दोघी तिथंच होतो. आई त्या वाडीत कधी आली नव्हती. कदाचित माझ्याच हातून नकळत वर्गात कधी तसं झालं असेल, म्हणून मुलांना ते माहीत... पण तिचा उजवा हात गेलाय, हे मी मुलांना कशाला सांगेन? मला उलगडा झालेला नाही.

आता मीही अक्षरं मुठीत देते. मायाक्काला अकरा येतात. मी उजव्या हातानं काढायला लागले की ती हात मागे घेते. "डाव्या हातानं द्या, बाई. त्याला आवाज हाय."

तसं देते. वर्ग सुटला की स्वतःच्या तळहातावर काढते, मूठ मिटून कानाशी नेते आणि थांबते. मला अजून काही ऐकू आलेलं नाही.