लिंकबाईंची चौथी बाजू

"मला येत नाही" हे तीन शब्द लिंकबाई जितक्या सहज म्हणायच्या, तितक्या सहज आमच्या स्टाफरूममध्ये कुणी "चहा नको" म्हणत नसे. शिक्षकाला सगळं येतं, असा आमचा अलिखित नियम होता. पोरानं अडचणीचा प्रश्न विचारला की "पुढच्या तासाला घेऊ" म्हणायचं आणि पुढच्या तासापर्यंत ते पोर विसरेल अशी आशा धरायची. मी स्वतः तीस-बत्तीस वर्षं गणित असंच रेटलं. आणि ही बाई, लागून चार दिवस झालेले, आठवीच्या भरल्या वर्गात एका मुलीनं कुठल्याशा इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारल्यावर म्हणाली, "मला येत नाही गं. थांब, बघूया दोघी." पर्समधून मोबाईल काढला आणि पोरांदेखत शोधायला लागली. मी व्हरांड्यातून हे ऐकलं आणि मनात म्हटलं, ही काय टिकत न्हाय.

टिकली नाही. पण ते भाकीत आपोआप खरं ठरलं नाही, त्याला मी हातभार लावला. तेवढंच सांगायला बसलोय, त्यात माझं कौतुक करण्यासारखं काही नाही.

त्यांचं आडनाव मगदूम. कोडोलीहून रोज एसटीनं यायच्या. आमची शाळा कोल्हापूरच्या वेशीवरची, मराठी माध्यमाची, एका खासगी संस्थेची. इंग्रजीची जागा रिकामी होती. सेक्रेटरीसाहेबांनी बाईंना सांगितलं होतं, वर्षभर काम बघू, चांगलं वाटलं तर जूनमध्ये कायम करू. त्यासाठी बाई शहरातल्या एका इंग्रजी शाळेतली नोकरी सोडून आल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, उलटी गंगा कशाला?" तर म्हणाल्या, "सर, मी अशाच शाळेतली. बारावीपर्यंत इंग्रजीत तोंड उघडलं न्हवतं. म्हटलं, माझ्यासारखी पोरं तिथंच असणार की." हे ऐकून आमचे एक सहकारी म्हणाले, नव्याचे नऊ दिवस.

लिंकबाई हे नाव स्टाफरूमनंच ठेवलं. काही विचारलं की बाई म्हणायच्या, "थांबा सर, लिंक पाठवते." चित्रावर बोट ठेवलं की शब्द बोलून दाखवणारं काहीतरी, पोरांनी घरी आवाज रेकॉर्ड करून पाठवायचं काहीतरी, शब्दांचे खेळ, कोडी. मोबाईलची धड रेंज फक्त झेंड्याच्या कट्ट्याजवळ यायची, म्हणून मधल्या सुट्टीत डबा तिथं नेऊन एका हातानं खायच्या आणि दुसऱ्या हातानं मोबाईल चाळायच्या. एक वही होती. तिच्यात दोनच रकाने, 'चाललं' आणि 'फसलं'. 'फसलं'चा रकाना लांबच लांब. तो त्या कुणालाही उघडून दाखवायच्या, अगदी हेडसरांनासुद्धा. हेडसर बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ह्या बाईला अक्कल हाय का न्हाय? हात दाखवून अवलक्षण."

आता आमच्या शाळेची एक पद्धत सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबलं. तपासणीचे साहेब वर्गात येतात, प्रश्न विचारला जातो, आणि वर्गातले झाडून सगळे हात वर जातात. साहेब खूश. गोम अशी, की ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा हात वर करायचा आणि ज्याला येत नाही त्यानं डावा. शिक्षकानं उजव्या हातवाल्यांपैकीच कुणाला तरी उठवायचं. साहेबांना नुसतं हातांचं रान दिसतं. ही युक्ती मी शाळेत आणली. कुठून शिकलो ते आठवत नाही, पण पाचवीत पोरगं आलं की महिन्याभरात त्याला ही शिकवायचं काम माझ्याकडे असायचं. वर्गाबाहेर बोलायचं नाही, एवढी ताकीद. पोरं इमानदार. एकानंही कधी फोडलं नाही.

त्या वर्षी पावसाळ्यातच तपासणीची तयारी सुरू झाली तेव्हा मी बाईंना बाजूला घेऊन ही पद्धत समजावली. उपकार करतोय अशाच थाटात सांगितलं. वर म्हणालो, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि सर, साहेब गेल्यावर डाव्या हाताच्या पोरांचं काय करता?"

मी म्हणालो, "म्हंजे?"

"म्हंजे कुणाला येत न्हाय ते तुम्हाला त्या दिवशी आयतंच कळतंय की. मग दुसऱ्या दिवशी त्यांना परत शिकवता का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला स्वतःलाही पडला नव्हता. मला राग आला, फार राग आला. तो बाईंचा नव्हता, हे समजायला मला दोन वर्षं लागली. त्या दिवशी मात्र मी एवढंच म्हणालो, "तुम्ही नवीन हायसा, हळूहळू कळंल."

त्यानंतर पंधरा दिवसांत त्यांनी ती कार्डं आणली. इंटरनेटवर कुठंतरी सापडलेली कल्पना. प्रत्येक पोराला एक कार्ड, त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची नक्षी, प्रत्येकाची वेगळी. शाळेत धूळ खात पडलेल्या प्रोजेक्टरनं भिंतीवर प्रश्न दिसायचा आणि खाली चार उत्तरं. कार्डाच्या चार बाजू म्हणजे ती चार उत्तरं. आपल्याला जे बरोबर वाटतं ती बाजू वर धरायची. बाई मोबाईल वर्गावरून फिरवणार, आणि कोणत्या पोराचं काय उत्तर ते मोबाईलवर उमटणार. पोरांजवळ फोन असायची गरज नाही, आणि शेजारच्याला उत्तर कळायची भीती नाही. पहिल्या खेपेला बाईंनी हौसेनं सगळी कार्डं लॅमिनेट करून आणली, तर त्यांच्या चकाकीनं मोबाईलला काही वाचताच येईना. मी दारातच उभा होतो. बाई हसत म्हणाल्या, "फसलं, सर." मग आठवडाभर पोरांकडून जुन्या लग्नपत्रिका जमवल्या आणि कागदी कार्डं त्या पत्रिकांच्या पाठीवर डकवली. एका बाजूला चौकोन आणि दुसऱ्या बाजूला गणपती, वधू-वरांची नावं.

त्यात बाईंनी स्वतःची एक भर घातली होती. चौथं उत्तर कायम एकच, 'मला येत नाही'. "येत नसेल तर चौथी बाजू धरायची," त्या पोरांना सांगायच्या, "आणि मान वर ठेवून धरायची. येत न्हाय म्हणजे काय चोरी केली न्हाय."

वर्गात आफ्रीन मुल्लाणी नावाची मुलगी होती. वडील शिरोली एमआयडीसीत वेल्डर. पाचवीपासून माझ्या तासाला ती डावा हात वर करायची, तपासणी असो वा नसो. तिला ती सवयच लागली होती, आणि मला तिला न उठवायची. बाईंच्या तासाला तिनं पहिले कितीतरी दिवस चौथी बाजूच धरली. बाई तिला बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत कट्ट्यावर बोलवायच्या, डब्यातली चटणी-भाकरी पुढं सरकवायच्या आणि कालचाच प्रश्न परत घ्यायच्या. दिवाळीनंतर एकदा बाई स्टाफरूममध्ये धावत आल्या, "सर, आफ्रीननं आज कार्ड फिरवलं." आम्ही पेपर तपासत होतो. कुणी मान वर केली नाही. मीही नाही.

तपासणी झाली. माझ्या गणिताच्या तासाला हातांचं रान उभं राहिलं. साहेबांनी मान डोलावली. मग साहेब, सेक्रेटरी, हेडसर आणि पर्यवेक्षक म्हणून मी, असे सगळे आठवीच्या इंग्रजीच्या तासाला गेलो. बाईंनी भिंतीवर प्रश्न दाखवला, कार्डं वर गेली, मोबाईल फिरला. भिंतीवर निकाल उमटला. अर्धा वर्ग चौथ्या बाजूला.

साहेब म्हणाले, "एवढ्या मुलांना येत नाही?"

"होय सर," बाई म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात ह्याच धड्यावर याहून जास्त होती. ही कोण कोण आहेत ते आता मला माहीत आहे. उद्या त्यांच्यापासून सुरुवात करणार."

साहेब भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले. मला तर वाटलं, माणसाला आवडलं असावं. पण जाताना शेरेबुकात लिहिलं ते असं : गणित उत्तम. इंग्रजी विषयाकडे लक्ष देणे आवश्यक. सेक्रेटरीसाहेबांनी तो शेरा दोनदा वाचला आणि वही मिटली.

एप्रिलमध्ये हेडसरांनी मला आत बोलावलं. "मगदूमबाईंच्या कामाबद्दल दोन ओळी लिहा. सेक्रेटरीसाहेबांची इच्छा तुम्हाला माहीत हाय." मी खिशातलं पेन काढलं नाही. मग ते म्हणाले, "तुमच्या पोराचं कारकुनाचं बघतोय म्हणाले सेक्रेटरीसाहेब, आपल्याच दुसऱ्या शाळेत." एवढंच. धमकी नाही, दमदाटी नाही. मी त्यांच्याच टेबलावर बसून लिहिलं : वर्गनियंत्रण कमी, विद्यार्थ्यांची प्रगती असमाधानकारक, मोबाईलचा अतिवापर. खाली सही केली. पोरगा लागला, अजून आहे. घरात त्याचा पहिला पगार आला त्या दिवशी श्रीखंड आणलं होतं, आणि ते मी खाल्लं.

मे महिन्याच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी बाई माझ्या टेबलाशी आल्या. कापडी पिशवीत ती सगळी कार्डं होती आणि वर एक दुसरीच वही. वहीत प्रत्येक पोराच्या नावाचं एक पान. त्याला काय येतं, काय येत नाही, कशानं समजतं, सगळं लिहिलेलं. "नवीन बाई येतील त्यांना द्या, सर. आणि चौथी बाजू तेवढी काढू नका म्हणावं."

मी पिशवी घेतली. म्हणालो, "बाई, माझ्या हातात काही न्हवतं."

"हेडसरांनी दाखवला मला तो कागद," त्या म्हणाल्या. "सहीच्या आधी अक्षरच ओळखलं. फळ्यावर बघते की रोज. फार सुंदर अक्षर हाय तुमचं, सर."

त्या रागावून बोलल्या असत्या तर मी दोन शब्द उलटे बोललो असतो आणि मोकळा झालो असतो. त्यांनी ती सोयही ठेवली नाही. तीन वाजताची एसटी होती, त्या गेल्या. पुढं कळलं, शिरोलीच्या एका फौंड्रीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतात. शाळेत परत गेल्या नाहीत.

नवीन बाई आल्याच नाहीत. जागा रिकामी राहिली आणि इंग्रजीचे तास आम्ही वाटून घेतले, म्हणजे पोरांना गप्प बसवून घेतले. पिशवी माझ्या कपाटात पडून राहिली. वही मी एकदा उघडली होती. आफ्रीनच्या पानावर शेवटची ओळ होती, 'हिला घाई केली की डावा हात वर जातो. थांबावं.' मी वही परत ठेवून दिली. पुढच्या पावसाळ्यात शिपायानं पिशवीतली काही कार्डं खिडक्या वाजू नयेत म्हणून फटीत घातली. मी बघत होतो.

यंदा मी निवृत्त झालो. हॉलमध्ये समारंभ, हार, शाल, श्रीफळ, पहिल्या रांगेत सेक्रेटरीसाहेब. हेडसरांनी भाषण केलं आणि शेवटी उत्साहाच्या भरात पोरांना विचारलं, "सरांनी शिकवलेलं सगळ्यांना समजायचं का न्हाय? करा बरं हात वर."

सगळ्या हॉलचे हात वर झाले. टाळ्या वाजल्या, सेक्रेटरीसाहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी पोरांच्या पहिल्या रांगेपासून बघत गेलो. पाचवी, सहावी, सातवी. बहुतेक डावे. पोरं थट्टा करत नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं, काही तर रडवेली झाली होती. मी शिकवलं होतं तसंच ती वागत होती.

दहावीच्या रांगेत एक हात वर नव्हता. हेडसरांनाही दिसलं. हसत म्हणाले, "काय गं पोरी, तुला न्हाय समजायचं व्हय?"

आफ्रीन उभी राहिली. मान वर होती. "न्हाय सर," ती म्हणाली, "मला न्हाय समजायचं."

हेडसरांनी घाईनं तिला खाली बसवलं आणि माझं नाव पुकारलं. मी उठलो. गळ्यातला हार सरळ केला, माईकपाशी गेलो आणि आठवडाभर पाठ केलेलं भाषण सुरू केलं. आयुष्यभर मुलांसाठी झटलो, म्हणालो. समाधानानं निरोप घेतोय, असंही म्हणालो. पोरांनी टाळ्या वाजवल्या.