बाईंना हसवून गेलेला गृहस्थ

भाईंदरच्या सरकारी कचेरीबाहेर मी अनेक वर्षे लोकांना अर्ज लिहून देतो. शेजारच्या टपरीवर चहा करणाऱ्या विधवा बाईंविषयी माझ्या मनात आदराहून अधिक काही आहे. परंतु माझ्या प्रतिष्ठेस अनुसरून मी ते कधी दर्शविले नाही. बाई माझ्या टेबलावर चहा आणून ठेवीत आणि मी केवळ मान हलवीत असे.

एकदा तारोडीचा एक वयस्क गृहस्थ नळजोडणीचा अर्ज लिहून घेण्यास आला. चहा संपताच तो उठला आणि आपला व माझाही ग्लास टपरीवर नेऊन विसळू लागला.

"अहो काका, राहू द्या! नोकरीला ठेवू का तुम्हाला?" म्हणत बाई खळखळून हसल्या.

तसे हसणे माझ्या वाट्यास कधीच आले नव्हते. माझे अक्षर बिघडले; अर्ज पुन्हा लिहून उद्या देणे भाग पडले.

"बाय एकटीच राबते," परतून तो मला म्हणाला. "तुमाला हात न्हाय का?"

दुसऱ्या दिवशी माझा ग्लास मी स्वतः नेला.

"साहेब, तुम्ही?" बाई चकित झाल्या. मग म्हणाल्या, "कालचे काका पुन्हा येतील का हो?"

तो दुपारीच अर्ज न्यायला येणार होता. तरी "त्यांचे काम संपले," असे मी ठामपणे सांगितले आणि दुसरा चहा तेथेच, त्यांच्यासमोर उभ्याने मागितला.