दादाचा डावा पाय

ट्रकांचा वजनकाटा येईपर्यंत दादा भराभर चालत होता. तिथे मात्र तो थांबला, रस्त्याकडेच्या कठड्यावर टेकला, डावा बूट काढला, उलटा करून झटकला आणि परत घातला. बुटातून काहीच पडलं नाही.

"खडा होता," तो म्हणाला.

"असेल," मी म्हटलं.

ट्रेनिंगच्या मैदानापासून आमच्या घरापर्यंतचा रस्ता लांबलचक, हमरस्त्याला चिकटून जाणारा. बस सोडून दादा चालत निघाला, म्हणून मीही निघाले. माझा हा थोरला भाऊ जन्मभर ट्रकच्या चाकांवर राहिलेला. कोपऱ्यावरून काडेपेटी आणायची तरी स्कूटर काढणारा माणूस. तो आपण होऊन पायी निघाला, तेव्हाच पाणी कुठवर आलंय ते मला कळलं. बसमध्ये ट्रेनिंगची पोरं असणार होती, आणि त्यांच्यात ती चष्मेवाली शिकाऊ पोरगी.

झालं होतं असं. सकाळी दादा स्वतःचा चष्मा घरी विसरला. वहिनीने तो माझ्या हाती पाठवला, आणि मी पत्र्याच्या शेडखाली पोचले तेवढ्यात त्याचा गाडी चालवायचा नंबर लागला. त्याच्या मालकांनी नव्या गाड्या घेतल्यात. त्यांना क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. म्हणून जुने असोत की नवे, सगळ्या ड्रायव्हरांनी ट्रेनिंगच्या मास्तरांच्या हाताखाली शिकायचं आणि सोमवारी परीक्षा द्यायची. पास होईल त्याला नवी गाडी. जुन्यांतला जो नापास होईल त्याने गेटवर खुर्ची टाकून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात दाखवायचा. दादाच्या नोकरीची थोडीच वर्षं उरली आहेत. पण ती गेटवर काढायची म्हणजे त्याच्या दृष्टीने जिवंतपणी फोटो करून भिंतीला टांगल्यासारखं.

गाडी निघाली झोकात. वळण आलं, वेग कमी करायची वेळ आली, आणि दादाचा डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला. क्लच नव्हताच. त्या जागेपर्यंत पसरलेला रुंद ब्रेक होता. क्लच दाबावा तसा त्याने तो तळापर्यंत दाबला. एवढं मोठं धूड जागच्या जागी अडलं. मास्तर पट्ट्यात लोंबकळले, पाण्याची बाटली काचेवर आपटली, दादाची टोपी खिडकीतून बाहेर. मी मनात देवाचं नाव घेतलं. पुन्हा निघाला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर शेडखालची पोरं आधीच कानांवर हात ठेवून उभी राहिली.

चष्मेवाली हसली नाही. तिने टोपी उचलली, धूळ झटकली, खिडकीतून वर दिली आणि म्हणाली, "काका, डावा पाय सीटखाली मागे ओढून ठेवा. म्हणजे तो मध्येमध्ये येणार नाही."

काका! त्या यार्डात मालकसुद्धा त्याला उस्ताद म्हणतात.

मग तिचा नंबर आला. अंगाने एवढीशी, चढताना दोन्ही हातांनी दांडा धरावा लागला. पण नारिंगी कोनांच्या दोन रांगांमधून तिने ती गाडी उलटी नेली आणि एका दमात भिंतीजवळ लावली. एकही कोन हलला नाही. मास्तर म्हणाले, "छान. अगदी छान. ये आता, चहा घे."

तो 'छान' दादाच्या घशात अडकला होता. वजनकाटा मागे पडला तसा बाहेर आला.

"छान म्हणे! आमच्या उस्तादाच्या तोंडून छान हा शब्द मी एकदाच ऐकला. तोही चहाला."

"तेव्हाची माणसं तशीच होती दादा."

"आणि ही? पहिल्या दिवशी स्टिअरिंग हातात! कधी गाडीखाली झोपलीय? कधी भर उन्हात टायर खोललाय? शेजारी मास्तर, मास्तरांच्या पायाखाली आणखी एक ब्रेक. काय तर म्हणे, घाबरू नकोस, चुकलीस तर मी आहे. आमच्या वेळी दुसरा ब्रेक म्हणजे उस्तादाचा हात. कानाखाली!"

शेजारून एक टँकर गेला. दादाने त्याच्याकडे बघितलंही नाही, नुसत्या आवाजावरून म्हणाला, "नवशिका आहे. चढावर गिअर उशिरा टाकला."

हा कान त्याने कसा कमावला ते मला ठाऊक आहे. वडील गेल्यावर दादा क्लीनर म्हणून ट्रकवर गेला. त्याचा उस्ताद मोठा वस्ताद. गाडी धुवून घ्यायचा, बूट काढून घ्यायचा, आणि गाडी सुरू झाली की गिअरच्या दांड्यावर टॉवेल टाकायचा. हात कसा फिरतो ते क्लीनरला दिसायला नको! मग दादा आवाज ऐकायचा. पायांकडे बघायचं तर काहीतरी पडल्याचं सोंग करून खाली वाकायचा. उस्ताद डावा पाय कधी उचलतो, किती दाबतो, कसा हळूच सोडतो, हे त्याने असं चोरून पाहिलं.

घरी आला की स्वयंपाकघरात तीन विटा मांडायचा. क्लच, ब्रेक, रेस. हातात परात. मी इंजिन. मी तोंडाने घर्रर्र करायचं, आवाज चढवत न्यायचा, आणि त्याने नेमक्या वेळी डावी वीट दाबायची. चुकला की मी खोकून बंद पडायचे. आई म्हणायची, "त्या इंजिनाला भाजी निवडायला पाठव आता." ती डावी वीट पार गुळगुळीत झाली होती.

असा तो चोरून आणलेला पाय. आणि आता मास्तर म्हणतात, तेवढा पाय विसरा.

"तूही टॉवेल टाकायचासच की," मी म्हणाले. हे मला वहिनीकडून कळलेलं. दादाच्या हाताखालचे क्लीनर ड्रायव्हर झाले ते दुसऱ्याकडे जाऊन, असं ती त्याच्या तोंडावर म्हणते.

"टाकायचो. मला फुकट मिळालं नव्हतं, मी का फुकट वाटू?"

"मग झालं तर."

"झालं काय? तिला फुकट मिळतंय ना!"

मी पदराने घाम पुसला आणि चालत राहिले. पुढे पंक्चरच्या दुकानापाशी तो आपला आपणच म्हणाला, "गाडी चांगली लावली गं तिने."

"मला कुठे कळतंय त्यातलं."

"आरशात बघत होती ते बघितलंस? मान हलवत नव्हती. डोळे नुसते या आरशातून त्या आरशात. असलं कुणी शिकवत नसतं."

"मास्तरांनी शिकवलं असेल."

"तेच तर म्हणतोय मी!" तो एवढ्या जोरात ओरडला की पंक्चरवाल्याने टायरमधून मान वर काढली. "शिकवतात! सांगतात! विचारलं की परत सांगतात! हिची पाटी कोरी. माझी भरलेली, आणि मला म्हणतात पुसा."

"दादा, ती म्हणाली तसं पाय मागे ओढून बघ की एकदा."

"तिचं ऐकू? त्यापेक्षा गेटवर बसेन. खुर्ची घरूनच नेतो."

घराजवळच्या बसथांब्यावर आम्ही दम खायला बसलो. मी पिशवीतली बाटली काढत होते, तेव्हा सहज खाली लक्ष गेलं. दादाने उजवा पाय पुढे ठेवला होता आणि डावा बाकाखाली मागे ओढून घेतला होता. चेहरा मात्र समोर, जसं काही त्या पायाशी आपला संबंध नाही. तेवढ्यात एक ट्रक वळणावर गुरगुरत आला, गिअर पडायची वेळ झाली, आणि बाकाखालचा पाय टुणकन उडी मारून पुढे आला. दादाने तो हाताने धरून परत मागे नेला. मी बाटलीचं झाकण लावत बसले. झाकण केव्हाच लागलं होतं.

"तू रोज देवापुढे बसतेस ना गं?" त्याने विचारलं.

"बसते."

"काय मागतेस?"

"मागत काही नाही. सगळे घरी पोचले की बरं वाटतं, तेवढं सांगते."

"मी कधी तुझ्या देवाला काही बोललोय?"

"नाही. देवाला क्लीनरच्या सीटवर बसव, पण भाडं मागू नको म्हण, एवढंच म्हणायचास."

तो हसला नाही. टोपी काढून चष्मेवालीने झटकली होती ती बाजू अंगठ्याने चोळत राहिला. "आज सांग त्याला. त्या पोरीबद्दल."

मी बाटली पिशवीत कोंबली. "हे बघ दादा, ती नापास होऊ दे असं मी देवाला सांगणार नाही. तू कितीही रागाव."

"नापास कशाला? मिळू दे तिला गाडी. हात चांगला आहे तिचा." त्याने एकदा मागे वळून आम्ही आलो त्या रस्त्याकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "फक्त एवढं सांग. सोमवारच्या आत एकदा, एकदाच, तिचाही पाय चुकू दे. आणि मी तिथे असताना."