आल्तारवरचा कॅमेरा

वसईजवळच्या सांडोरची ती केस आठवली की आजही मला एकट्यालाच हसू फुटतं आणि बायको स्वयंपाकघरातून विचारते, "आता काय झालं?" पोलिसातल्या नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं. पण कोणी एखादी केस सांगा म्हटलं की मी हीच सांगतो. नावं मात्र विचारू नका. मंडळी तिथेच राहतात आणि मला अजून त्यांच्या वाडीतली केळी खायची आहेत.

सकाळची हजेरी आटोपून मी नुकताच चहा तोंडाला लावला होता. ठाणे अंमलदार आत आला. "साहेब, एक बाई आल्यात. म्हणतात, माझीच चौकशी करा."

असली फिर्याद मी जन्मात ऐकली नव्हती. बाईंना आत बोलावलं. तिशीच्या, शाळेत शिक्षिका. माहेर विरारचं, मूळचं कोकणातलं हिंदू कुटुंब. प्रेमविवाह करून सांडोरच्या एका ख्रिस्ती बागायतदाराच्या घरात सून म्हणून आलेल्या.

"साहेब, आमच्या घरात बोललेलं सगळं बाहेर जातंय," त्या म्हणाल्या. "सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. कोणाला सांगितलं नव्हतं, तरी रविवारी चर्चबाहेर लोक तब्येत विचारायला लागले. नणंदेला स्थळ आलंय. सासूबाई घरात सहज बोलून गेल्या, मुलगा गुणी आहे, पण त्याची आई फारच बडबडी. ते थेट त्या आईच्या कानावर गेलं! आता ते लोक फोन उचलत नाहीत. आणि काल सासूबाई सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, बाहेरून आलेलीच बाहेर सांगणार."

त्या खुर्चीतून पुढे सरकल्या. "घर सोडायची वेळ आली तर सोडेन, साहेब. पण चहाडखोर म्हणून नाही सोडणार."

मला ती बाई तिथेच आवडली. लोक चौकशी टाळायला काय काय करतात, आणि ही चौकशी मागायला आली होती. स्टेशन डायरीत नोंद केली आणि माझ्या हवालदाराला घेऊन निघालो. हा गडी जवळच्याच जूचंद्र गावचा. कामाला वाघ, पण खाण्याचं नाव काढलं की संपलं.

सासूबाईंनी दारातच कंबरेवर हात ठेवले. "घरातलं भांडण आता पोलिसांत?" मग लगेच, "बसा. सरबत घेता की चहा?" वसईच्या घरात राग वेगळा आणि पाहुणचार वेगळा. जबाब घ्यायला बसलो तर त्यांनीच माझा तपास पुरा करून टाकला. "मी बोलले नाही. ह्यांना वाडीतल्या केळींशिवाय कोणाशी बोलायला सुचत नाही. मुलगी स्वतःचंच स्थळ मोडेल का? मोठा मुलगा, हिचा नवरा, दिवसभर वालीवच्या कारखान्यात. मग उरलं कोण, तुम्हीच सांगा."

सगळ्यांचे मोबाइल सायबर शाखेतल्या सहकाऱ्याला दाखवले. काही निघालं नाही. मग मी जुनीच युक्ती काढली. सूनबाईंना काही न सांगता विरारला माहेरी पाठवलं. सासू-सासऱ्यांना म्हटलं, आता तुम्ही दोघांनी तीन थापा मारायच्या. स्वयंपाकघरात म्हणायचं, सासरे पोहायला शिकणार. वाडीत म्हणायचं, केळी काढून शहामृग पाळणार. आणि हॉलमध्ये म्हणायचं, सासरे ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणार.

"ट्रम्पेट?" सासरे दचकले. "साहेब, माझी कवळी आहे!"

"म्हणूनच लोक विचारल्याशिवाय राहणार नाहीत," मी म्हटलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर सासऱ्यांचा फोन आला. आवाज रडका. "साहेब, पाच जणांनी विचारलं, ट्रम्पेट घेतला का म्हणून. एक तर म्हणाला, माझ्या मुलीच्या लग्नात वाजवा!"

पोहण्याबद्दल कोणी अक्षर काढलं नव्हतं. शहामृगाबद्दलही नाही. म्हणजे कान हॉलला होते. आणि सूनबाई तर विरारला होत्या, त्यांना ट्रम्पेटचा पत्ताच नव्हता. हे मी सांगितलं तेव्हा सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या.

मी हॉल पुन्हा पाहिला. आल्तारवर, म्हणजे घरातल्या वेदीवर, मरियामातेची मूर्ती, मेणबत्त्या आणि बाजूला पांढरा वाटोळा डबा. आधी दोनदा तिथे बसून मी त्याला दिवा समजलो होतो.

"हे काय?"

"तो रोझरीचा कॅमेरा," सासरे म्हणाले. "धाकटा आखातात असतो ना. संध्याकाळी आम्ही जपमाळेला गुडघे टेकले की तोही तिकडून प्रार्थनेत असतो."

"आणि रोझरी झाल्यावर?"

तेव्हा कुठे उलगडा झाला. रोझरी झाली की सगळं घर तिथेच बसून दिवसभराचं बोलायचं. आजार, स्थळं, भांडणं, सगळं. कॅमेरा बंद करायचा असतो, हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. त्यांच्या लेखी आमेन म्हटलं की तो आपोआप झोपायचा.

धाकट्याला व्हिडिओ कॉल लावला. "पासवर्ड कोणाकोणाला दिलास?"

"फक्त घरच्यांना, साहेब."

"घरचे म्हणजे कोण?"

त्याने सुरुवात केली. काका, आत्या, मामा, कॅनडातली चुलत भावंडं... "फॅमिली ग्रुपवरच टाकला. सगळ्यांना रोझरीला येता यावं म्हणून."

"अरे बाबा, हे घर आहे की जत्रा!" मी ओरडलोच.

पण बाकी सगळे लांब, परदेशात. बातमी पसरत होती इथे. जवळ राहणारी एकच व्यक्ती निघाली, सासूबाईंची मोठी बहीण. पलीकडच्या गावात एकटी राहणारी, गुडघ्यांनी थकलेली. हवालदाराला हॉलमध्ये कॅमेऱ्यावर लक्ष ठेवायला बसवलं आणि मी मावशींकडे गेलो.

ओटीवर चार बायका पालेभाजीच्या जुड्या बांधत होत्या. मी पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच घरातून दणदणीत आवाज आला: "आमचा सायेब लय खडूस हाय वो, पन मनाचा चांगला. आनखी एक पोला वाढा ना!"

माझाच हवालदार! टेबलावरच्या टॅबमध्ये तो सांडोरच्या हॉलात तांदळाचे पोळे हाणत बसलेला दिसत होता. मला पाहून बायकांच्या हातातल्या जुड्या तशाच राहिल्या. पंचनामा करायची गरजच उरली नाही.

"मावशी, हे बंद का करत नाही?"

"बंद केलं की घर मुकं होतं, साहेब," मावशी म्हणाल्या. "माझ्याच बहिणीचं घर. मी काय चोरून ऐकते का?" ऐकू कमी येतं म्हणून आवाज मोठा ठेवलेला. ओटीवरच्या बायकांनाही फुकट ऐकायला मिळायचं. त्यातलीच एक नणंदेच्या होणाऱ्या सासूची शेजारीण.

मी खो खो हसलो. गुन्हेगार नाही, गुन्हा नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला घरात शिरायचं तर कुलूप फोडावं लागायचं. इथे कोणी काही फोडलं नव्हतं. भल्या माणसांनी मायेने किल्ली वाटली होती, आणि त्या मायेत एक निरपराध सून होरपळली होती. तेव्हापासून मी कोणाच्याही घरी गेलो की आधी विचारतो, तुमचं ऐकायला आणखी कोण बसलंय?

संध्याकाळी सूनबाई विरारहून आल्या. मी सगळं सांगितलं. पहिलं काय म्हणाल्या? "मावशींना तोडू नका. रोझरीपुरता चालू ठेवू."

मी कॅमेरा काढायला हात पुढे केला, तर सासूबाईंनी अडवलं. "आज राहू दे. ज्यांनी ते ऐकलं, त्यांनी हेही ऐकलं पाहिजे."

रोझरी झाली. सगळे तसेच गुडघ्यांवर. सासूबाई कॅमेऱ्याकडे वळल्या आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "मी माझ्या सुनेवर खोटा आळ घेतला. तिने काही केलं नव्हतं. चूक माझी. ऐकलंस ना गं, ताई? ओटीवरच्या सगळ्या जणींना सांग. आणि विहीणबाईंनाही सांग, मी त्यांच्यापेक्षा जास्त बडबडते म्हणून!"

टॅबवरचं बटण दाबलं की तिकडून आमच्याकडे आवाज यायची सोय होती म्हणे. मावशींच्या ओटीवरून टाळ्या ऐकू आल्या. ते स्थळ पुढच्याच आठवड्यात पक्कं झालं. आणि लग्नात सासऱ्यांनी कवळी काढून ठेवून खरोखरच ट्रम्पेट फुंकला. आवाज काय निघाला ते विचारू नका, पण मांडव हसून हसून लोळला.

त्या संध्याकाळी मात्र सूनबाई रडत होत्या. सासूबाईंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "आता बंद कर बाय तो. पुढचं आपल्या दोघींचं."

सूनबाईंनी कॅमेरा बंद केला. मी हवालदाराला कोपर मारलं आणि आम्ही दोघे वाडीत जाऊन उभे राहिलो. आत त्या काय बोलल्या, मला माहीत नाही. उभ्या नोकरीत न घेतलेला तेवढा एकच जबाब, आणि तो घेतला नाही याचा मला आजही आनंद आहे.