पाणाड्याच्या स्वतःच्या रानात

रविवारी दुपारची जेवणं आटोपली, की परभणीतल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर राक्षस उतरतात. कागदावरचे. खेळणारे आम्ही चौघं: मी, माझा नवरा, माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला. मी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीत एकेक माणूस व्हायचं, आणि काही अवघड करायची वेळ आली की वीस तोंडांचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. गोष्टीत तुमचा जो पेशा, त्याला आमच्यात क्लास म्हणतात. नवरा लढवय्या, मेडिकलवाला जादूगार, आणि एरवी मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी माझी मैत्रीण चोर. ती चोऱ्याही हिशेबानं करते.

यंदा बाबा आमच्याकडे राहायला आले. आले कसले, मी त्यांना बळंच उचलून आणलं. जिंतूरला मुख्याध्यापक होते, रिटायर झाल्यावर आई आणि ते पेडगावला गावी राहायला गेले. आई गेली, आणि त्या घरात बाबा एकटे उरले. त्यांची शुगर अशी, की मध्येच खाली जाते, दरदरून घाम फुटतो आणि ते आहे तिथं बसकण मारतात. पेडगावात उचलायला कोण? पण त्यांचं एकच टुमणं, "इथं मला काय काम हाय? मी जातो बाई आपला गावी." मी ओरडायचे आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. ओरडायचे कारण मला भीती वाटायची, दुसरं काय.

रविवारी मात्र ते टेबलाजवळ खुर्ची ओढून बसायचे. आधी नुसतं बघायचे, मग प्रश्न सुरू झाले. "ही दरवेळी कुलूपच का उघडायलीय? खिडकी न्हाई का त्या किल्ल्याला?" मैत्रीण दचकली. खिडकी मी ठेवलीच नव्हती.

मी म्हटलं, बाबा, तुम्हीही खेळा. लढवय्या होता का? "गुडघे बघ माझे." मग चोर? "जन्मभर कॉप्या पकडल्या, आता म्हातारपणी चोर होऊ?" जादूगार? "ते मेडिकलवाल्यालाच राहू दे, पुड्या त्याच्याकडं हायेत." मग म्हणाले, "तुमच्यात पाणाड्या न्हाई का?"

बोअर घ्यायच्या आधी तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून फिरतो, तो पाणाड्या. खाली पाणी असेल तिथं नारळ आपोआप उभा राहतो म्हणतात. बाबांनी शाळेत विज्ञान शिकवलं, त्यांचा यावर काडीचा विश्वास नाही. "पण तो नारळ उभा कसा राहतो, ते मला अजून कळलेलं न्हाई," असं म्हणाले तेव्हा त्यांचे डोळे असे चमकले, की मी त्याच संध्याकाळी पाणाड्याचा क्लास करायला बसले.

असा घरचा क्लास करणं वाटतं तितकं सोपं नाही हो. जास्त ताकद दिली तर बाकीचे माशा मारत बसतात, कमी दिली तर ज्याच्यासाठी केला तोच कंटाळतो. माझी कसोटी एकच होती: टेबलावरच्या प्रत्येकाला कधी ना कधी दुसऱ्याची गरज पडली पाहिजे. पहिल्या खेपेला मी पाणाड्याला जे जे लपलेलं ते सगळं सापडेल असं ठेवलं. झालं! गुप्त दारं, सापळे, भुयारं, सगळं बाबांनीच शोधलं. मैत्रीण म्हणाली, "पुढच्या रविवारी मी पेपर तपासायला घेऊन येते." मग मी फक्त जमिनीखालचं ठेवलं, आणि नारळ एकदा उभा राहिला की पाणाड्या दमतो, असा नियम घातला. किती दमावा? गॅसजवळ उभी राहून मी फासे टाकून बघत होते. एका हातात पळी, एका हातात फासा. वरण दोनदा उतू गेलं, नवऱ्यानं ओटा पुसून घेतला, शहाणा आहे.

कागदावर तोल बरोबर जमला होता. टेबलावर काही केल्या जमेना. कारण कळायला मला जरा वेळच लागला. मैत्रीण आणि मेडिकलवाला, दोघंही बाबांच्या शाळेतले विद्यार्थी. येताना जाताना अजून पाया पडतात. बाबांचा फासा तीनवर पडला की मेडिकलवाला म्हणायचा, "तिरका पडला सर, पुन्हा टाका." जावई म्हणायचा, "बाबा, टेबल हललं, हा धरू नका." सरांचा नारळ आडवा पडतोच कसा! सरांनी बोट दाखवलं तिथं पाणी लागायचंच.

एका रविवारी बाबांनी फासा खाली ठेवला. "तुमी माझं मन राखायलात," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "मला कळत न्हाई का? लहान लेकराला मुद्दाम जिंकू देतेत तसं. पुढच्या सोमवारच्या गाडीनं मी पेडगावला जायलोय." आत निघून गेले. मी त्या तिघांवर अशी उखडले, की मेडिकलवाला चहा न घेताच गेला.

शनिवारी बॅग भरून दाराशी आली. मी बोलत नव्हते, तेही नाही. पण माझी जीभ कुठली गप्प बसायला! एक प्रश्न आठवडाभर डोक्यात घोळत होता. "बाबा, गावाला पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याच्या स्वतःच्या विहिरीला पाणी किती असतं हो?"

ते हसले. "स्वतःच्या रानात तो बघतच न्हाई. दुसऱ्या गावचा पाणाड्या बोलावतो. आपल्या जमिनीत जीव गुंतलेला असतो, मग नारळ कुठंबी उभा राहतो म्हणतेत."

हात्तिच्या! मी उठून क्लासच्या कागदावर एक ओळ लिहिली: पाणाड्याला स्वतःसाठी काही शोधता येत नाही. त्यानं नारळ दुसऱ्याच्या हातात द्यायचा.

रविवारी बाबा "शेवटचं" म्हणून बसले. मी त्यांच्या पाणाड्याला साप चाववला. उतारा म्हणजे एक मुळी, तीही जमिनीखाली. बाबांनी सवयीनं फासा उचलला. मी नियम वाचून दाखवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं फासा मेडिकलवाल्याकडे सरकवला.

त्याला चार पडले. तो आशेनं माझ्याकडे बघायला लागला, "टेबल..."

"काय टेबल?" बाबा गरजले. "चार म्हणजे चार!"

सरांचा फासा चुकला तर पोरं माफ करत होती. पोरांचा चुकला तर सर कुठले माफ करायला! मेडिकलवाल्याच्या कपाळाला घाम. नवऱ्याला सात. बाबा खुर्चीत पुढं सरकून बसलेले, "अरे, मी मरायलोय की खरंच!" इतक्या दिवसांत त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. शेवटी फासा मैत्रिणीकडे आला. ती टाकेना. बाबा हळूच म्हणाले, "टाक गं. तुझ्यावरच हाय आता."

सतरा आले. मेडिकलवाला टेबलावर चढायचाच बाकी होता.

सगळे गेल्यावर मी कपबशा विसळत होते. बाबा बाहेरच्या खोलीत बसले होते, बॅग त्यांच्या पायाशी. सकाळच्या गाडीचं विचारायचा मला धीर होईना.

"अगं," त्यांनी हाक मारली, "शुगरची गोळी त्या बॅगेत हाय. तूच शोध. माझं मला सापडायचं न्हाई."

गोळ्यांची पट्टी वरच्याच कप्प्यात होती. ती त्यांच्या हातात दिली आणि तरीही मी बॅग उपसतच राहिले. धोतरं काढली, टॉर्च काढला, तळाशी आईचा फोटो होता तोही काढला, आणि एकेक करून सगळं कपाटात लावलं. बाबा बघत होते. राहू दे, असं काही ते म्हणाले नाहीत.