सोनं प्यायलेल्या पाट्या

गलाईच्या दुकानातला केर आम्ही कधी फेकत नाही. सोनं वितळवताना, डाग देताना, म्हणजे दागिन्याचे सांधे जोडताना, कण उडतात. म्हणून झाडलेली धूळ, फुटकी मूस, सगळं साठवून झारेकऱ्याला द्यायचं. तो ते कुटतो, धुतो आणि त्यातलं सोनं काढतो.

मला पंधराव्या वर्षी सांगली जिल्ह्यातून चंडीगढला आणलं चुलत्यानं. दोन वर्षं त्यानं मला मागच्या खोलीत ॲस्बेस्टॉसच्या जुन्या पाट्या कुटायला बसवलं. डाग देताना दागिन्याखाली ठेवायची ही राखाडी पाटी जळत नाही, पण थोडं सोनं पिते. भुकटी उडू नये म्हणून दार बंद आणि पंखाही बंद. पुढे मी वेगळा झालो, बावीस सेक्टरच्या मागे स्वतःचं दुकान उभं केलं. चुलता आता गावी बंगल्यात राहतो. मी त्याला फोन करत नाही.

गेल्या पावसाळ्यात जिना चढताना दम लागायला लागला. बत्तीस सेक्टरच्या रुग्णालयात अमरावतीकडच्या एक मराठी डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी एक्स-रेची फिल्म उजेडात धरली. फुफ्फुसाच्या आवरणावर चट्टे होते.

"लहानपणी कशाची धूळ खाल्लीत?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या की याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, एकदा आत गेले की बाहेर येत नाहीत आणि त्रास वीस-तीस वर्षांनी दिसतो. "घरात आहे का अजून?"

"दुकानाच्या माळ्यावर जुन्या पाट्यांची दोन पोती."

"झाडायचं नाही, कुटायचं नाही. ओलं करून जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधा, वर लिहा, आणि घातक कचऱ्याच्या जागीच पाठवा."

रस्ताभर मी चुलत्याला शिव्या घातल्या. घरी येऊन त्या कचऱ्याच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडचा म्हणाला, "दो बोरी के लिए गाड़ी नहीं आती जी, कागज़ बनवाओ, ख़ुद लाओ." मी त्याच्यावर तोंड सोडलं, त्यानं फोन ठेवला.

दिवाळीला झारेकरी नेहमीसारखा आला. शेजारच्या पंचकुल्यात राहणारा, आमच्याच सांगलीकडचा माणूस. त्यानं एक पोतं मागितलं आणि मी दिलं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी विसरलो नव्हतो. भाव जमला होता, एवढंच.

जानेवारीत तो दुसऱ्या पोत्यासाठी आला.

"शेठ, काढा. मागच्यात चांगला माल होता."

"कुटलं कुणी?"

"सूनबाईनं. लय हात चालतो पोरीचा."

माझी समजूत होती की त्याच्याकडे चक्की असेल. खरं तर मी कधी विचारलंच नव्हतं.

"दार लावून कुटते?"

"मग काय गच्चीवर? वारा घेऊन जाईल की सोनं!" तो हसला.

"हे पोतं मिळणार नाही."

"आलं लक्षात." त्यानं खुर्ची ओढली. "वीस वर्षं बघतोय तुम्हाला. नाही म्हणता म्हणजे भाव चढवताय. बोला, मागच्यापेक्षा जास्त देतो."

"पाव्हणं, विष आहे ते. माझी छाती गेलीय त्यानं."

"हां, आता छातीपण काढली! आणखी वाढवतो, बास?"

जितकं नको म्हणत होतो, तितका तो वर चढत होता. माझं डोकं फिरलं. शिडीवरून पोतं अलगद खाली घेतलं आणि बादलीभर पाणी त्यावर ओतलं. ओला माल कुटता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तो ताडकन उठला.

"विषच होतं तर दिवाळीला माझ्या गळ्यात का मारलंत?"

"मागचं संपलं का?"

"अर्धं आहे. आज कुटायला बसलीय ती."

मी हेल्मेट आणि प्लॅस्टिकच्या जाड पिशव्या उचलल्या. तो मागून स्कूटर पिटाळत आला, पण पंचकुल्यात त्याच्या दाराशी मी आधी पोहोचलो. मागच्या खोलीचं दार बंद होतं. आतून ठोके ऐकू येत होते. मी दार उघडलं. तोंडाला ओढणी बांधून ती खलासमोर बसली होती. वरच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप येत होती आणि तिच्यात धूळ संथपणे फिरत होती.

"पोरी, हात थांबव. तशीच बाहेर ये, काही झटकू नकोस."

ती आली. पापण्यासुद्धा राखाडी झाल्या होत्या. मी सगळं सांगितलं, छातीचंही. सासरा मागे येऊन उभा राहिला.

तिनं ओढणी सोडली. "काका, तुम्हाला हे कधी कळलं?"

खोटं बोलायला वाव होता. सौद्यात मी आयुष्यभर तेच केलं आहे.

"दिवाळीच्या आधी."

तिनं नळाखाली तोंड धुतलं, हात कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले. मी आत जाऊन पाणी शिंपडत उरलेल्या पाट्या आणि खलातली भुकटी पिशव्यांत भरली. तिनं मला मदत केली नाही आणि सासऱ्यालाही करू दिली नाही.

"त्या डॉक्टरांकडे मला न्या," ती म्हणाली. "तुम्हीच न्यायचं."

"उद्या नऊला येतो."

"नऊ नाही, आठ. आणि जे मला सांगितलंत, ते त्यांच्यासमोर पुन्हा सांगायचं. दिवाळीसकट."

"बरं," मी म्हणालो.