तडजोडनाम्यातला एक शब्द

अमळनेरच्या दिवाणी कोर्टात लीलाधर पुना बोरसे यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. त्यांनी लिहिलेला मसुदा कोणी चूक काढून परत पाठवत नसे. आवाज बारीक, त्यामुळे उलटतपासणीत ते कधी चमकले नाहीत. पण कैफियत, बक्षीसपत्र, तडजोडनामा लिहायचा असला की तालुक्यातली माणसं त्यांचंच दार गाठत. सनद मिळाल्यावर पहिली चार वर्षं त्यांनी झुंबरलाल वकिलांच्या हाताखाली काढली होती. लिहिण्याचं वळण तिथलंच.

१९५५ साली शेवंताबाई त्यांच्याकडे आल्या. बोरीकाठच्या एका खेड्यातल्या, पोटी मूल नाही, नवरा जाऊन सतरा वर्षं झालेली. भावापासून वाटणी होऊन नवऱ्याच्या वाट्याला आलेली सात एकर जमीन आणि विहीर त्यांच्या ताब्यात होती. बहिणीची लेक लताबाई त्यांच्याजवळ राहून त्यांचं सगळं करत होती. जमीन तिला द्यावी असं त्यांच्या मनात आलं. तसं त्या चार माणसांत बोलल्या, आणि महिन्याच्या आत पुतण्या भाईदासनं दावा लावला: काकूला जमीन दुसऱ्याला देण्याचा अधिकार नाही, कोर्टानं मनाई द्यावी. भाईदासचे वकील खुद्द झुंबरलाल.

लीलाधरांनी शेवंताबाईंना कायदा आहे तसा सांगितला. विधवेनं नवऱ्याची जमीन जन्मभर खावी, पण विकू नये, देऊ नये. तिच्यामागे ती नवऱ्याच्या वारसाकडे जायची. दावा लढवून हाती काही लागणार नव्हतं. म्हणून उन्हाळ्याच्या सुटीआधी दोन्ही वकिलांनी बसून तडजोड ठरवली. जमीन शेवंताबाईंकडे तहहयात, पुढे भाईदासकडे. लताबाईला घरातल्या दोन खोल्या कायमच्या. मसुदा लीलाधरांनीच लिहिला. नऊ जुलै १९५६ या तारखेला शेवंताबाईंनी अंगठा करायचा आणि कागद कोर्टात द्यायचा, एवढंच उरलं होतं.

तारखेच्या दोन दिवस आधी, शनिवारी, एका अपिलासाठी लीलाधर जळगावला गेले. अपील निघालंच नाही. गाडीला वेळ होता म्हणून ते वकिलांच्या लायब्ररीत जाऊन बसले. टेबलावर सरकारी गॅझेट पडलं होतं आणि त्यात नवा हिंदू वारसा कायदा. त्याची चर्चा गेले काही दिवस सगळीकडे चालली होती, पण ती मुलींना हिस्सा मिळणार याचीच. जे आधीच वारले त्यांच्या मालमत्तेशी या कायद्याचा काही संबंध नाही, असंच लीलाधरही धरून चालले होते.

चौदाव्या कलमावर ते थांबले. हिंदू स्त्रीच्या ताब्यातली मालमत्ता, ती कायदा येण्याआधी मिळालेली असो की नंतर, ती तिची पूर्ण मालकीची. त्यांनी ते पुन्हा वाचलं. त्याच्याखाली दुसरं पोटकलम होतं: मात्र एखाद्या मृत्युपत्रानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं मिळालेल्या मालमत्तेत मुळातच मर्यादित हक्क दिलेला असेल, तर तो मर्यादितच राहील.

म्हणजे कायदा लागू झाला त्या जून महिन्यातच शेवंताबाई मालक झाल्या होत्या. आणि सोमवारी त्यांच्याच वकिलाच्या हातचा कागद कोर्टात गेला असता, त्यावर हुकूमनामा झाला असता, तर 'तहहयात' या एका शब्दावर बोट ठेवून भाईदास उद्या म्हणाला असता की काकूचा हक्क या हुकूमनाम्यातला आहे, आणि तो मर्यादित आहे. दोन्ही पोटकलमं त्यांनी अक्षरन् अक्षर उतरवून घेतली.

आता पेच होता तो झुंबरलालांचा. त्यांना शब्द दिला होता. आधी त्यांच्या कानावर घालावं असं मनात येत होतं. पण अशिलाच्या फायद्याची गोष्ट अशिलाआधी विरुद्ध वकिलाला सांगायची नसते, हेही झुंबरलालांनीच शिकवलेलं. रविवारी ते एस.टी.नं शेवंताबाईंच्या गावी गेले.

"अक्का, वर्षापूर्वी मी जे सांगितलं ते आता धरू नका," ते ओट्यावर बसत म्हणाले. "कायदा बदलला. उद्या अंगठा करू नका."

शेवंताबाई जवळ सरकल्या. "भाऊ, माले इतलंच सांगा. जमीन आते कोनी शे?"

"तुमची."

"बठ्ठी?"

"सगळी. विहिरीसकट. भाईदास भांडेल, वरच्या कोर्टात जाईल, पण मला तरी कायदा तुमच्याच बाजूनं दिसतो."

सोमवारी कोर्ट बसण्याआधी लीलाधरांनी बाररूममध्ये झुंबरलालांना गाठलं आणि हातानं लिहिलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. झुंबरलालांनी चष्मा लावून वाचला. त्यांचा चेहरा कठीण झाला.

"तू शब्द दिला होतास, लीलाधर."

"दिला होता, काकाजी. तेव्हाच्या कायद्यावर दिला होता. आज तो पाळला तर माझ्याच अशिलाचं नुकसान मी करतो."

"लोक म्हणतील, बोरसे वकिलाच्या बोलण्याचा भरवसा नाही."

लीलाधरांनी कागद उचलून घेतला. ते खरंही होतं.

कोर्टात झुंबरलालांनी अर्ज दिला की तडजोड तोंडी ठरलेली आहे, ती नोंदवून घ्यावी. न्यायाधीशांनी शेवंताबाईंना विचारलं. त्या पिंजऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "मी अंगठा दिधा नही, आन् देवाव नही." वकील-वकिलांत बोलणं झालं, बाईनं स्वतः कबूल केलेलं काही नाही, असं म्हणून न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला. पुढच्या वर्षी भाईदासचा दावा गेला. त्याचं अपीलही १९५८ मध्ये जळगावला फेटाळलं गेलं, आणि शेवंताबाईंनी जमीन लताबाईच्या नावे केली.

झुंबरलाल तीन महिने लीलाधरांशी बोलले नाहीत. त्याच काळात लीलाधरांनी बाररूममध्ये दर शनिवारी दुपारी नवे कायदे वाचून दाखवायला सुरुवात केली. नवशिके वकील यायचे. ते त्यांना सांगत, पाठ असलेल्या कायद्यावर सल्ला देऊ नका, तारखेच्या आधी छापलेला कागद बघा. आणि विधवेच्या तडजोडीत मर्यादेचा शब्द घालण्याआधी चौदावं कलम डोळ्यांखालून घाला. एका शनिवारी झुंबरलाल मागच्या बाकावर येऊन बसले आणि "जमीन कुळाकडे असेल तर ताबा बाईचा म्हणायचा का?" असं त्यांनी विचारलं. त्यावर दोघांचा तासभर वाद झाला.

पण लीलाधरांना स्वस्थता नव्हती. जुन्या फायली उपसताना त्यांना १९५३ चा एक हुकूमनामा सापडला. सुंदरबाई नावाच्या विधवेचा. मसुदा त्यांचाच, शब्द तोच. सुंदरबाई आता सोनगीरला भावाकडे राहत होत्या, जमीन बटाईनं देत होत्या. लीलाधर तिथे गेले आणि सगळं सरळ सांगितलं: तेव्हाच्या कायद्यानं ते बरोबर होतं, पण आज तो शब्द आडवा येतो. हक्क मुळात नवऱ्याकडून आलेला, हुकूमनाम्यानं नवीन दिलेला नाही, असं म्हणून लढता येईल. जिंकूच, असं मात्र नाही.

सुंदरबाईंनी विचारलं, "दुसरा वकील पाहू का?"

"पाहा," लीलाधर म्हणाले. "माझ्याच कागदाविरुद्ध मला उभं राहावं लागेल. तुमच्या मनाला पटत नसेल तर दुसरा बघणंच बरं."

सुंदरबाई भावाशी बोलायला आत गेल्या. बाहेर येऊन त्यांनी वकीलपत्रावर अंगठा उठवला. १९६० साल संपलं तेव्हा पूर्ण मालकीसाठी लावलेला तो दावा अजून चालू होता, आणि लीलाधर तारखेला न चुकता हजर राहत होते.